‘मॅग्नेट कॉइल जळालीय’ म्हणाला आणि माझे २७,५०० रुपये घेऊन गेला

माझी बीचवरची एटीव्ही (चार जाड चाकांची बाइक) बंद पडली, तिच्या दुरुस्तीचे मेकॅनिकने लावलेले आकडे आधी देतो, म्हणजे राग कशाचा आहे ते कळेल. व्हिजिट १,५००. सीडीआय, म्हणजे ठिणगीसाठी करंट सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, ३,८००. इग्निशन कॉइल २,४००. मॅग्नेट कॉइल, म्हणजे इंजिन फिरताना वीज तयार करणारा स्टेटर, ९,५००. वायरिंग ४,२००. मजुरी ३,५००. टेम्पोने नेणं-आणणं २,६००. एकूण २७,५००. त्यातले १६,५०० ॲडव्हान्स यूपीआयने गेले आणि ११,००० रोख, हातात. खरा बिघाड होता हँडलवरच्या किल स्विचमध्ये, म्हणजे इंजिन बंद करायच्या बटणात, आणि नवा किल स्विच मी नंतर २८० रुपयांना आणला.

गाडी ११० सीसीची चिनी एटीव्ही. नागाव, काशीदपासून खाली दिवेआगरपर्यंत वाळूवर फिरताना दिसतात, तसलीच. इंजिन जुन्या होंडा कबच्या धाटणीचं, आडव्या सिलेंडरचं. सेल्फ जोरात फिरतो, पेट्रोल येतंय, प्लगला करंट, म्हणजे ठिणगी, नाही. डिसेंबरचा तिसरा आठवडा, गिऱ्हाईक दारात, पर्यटकांना फिरवायला देतो त्या चारातली एक गाडी उभी. मी अडाणी नाही, मल्टिमीटर घरात आहे, वापरताही येतो. पण एकतीस तारीख डोक्यावर असली की माणूस स्वतः स्क्रू खोलत बसत नाही, ‘एटीव्ही स्पेशालिस्ट’ला फोन करतो. हा सगळा बचाव आहे, कळतंय मला.

आता तो क्षण. अजून रात्री आठवतो.

त्याने स्टेटरचा कपलर (वायरींचा जोड) सोडवला, मल्टिमीटर बझरवर ठेवला, एक टोक काळ्या-लाल वायरला आणि दुसरं इंजिनच्या बॉडीला लावलं. बझर वाजला नाही. ‘बघा साहेब, कॉइल ओपन. जळालीय.’ मी मान डोलावली. मान डोलावली मी!

अहो, बझर वाजतो साधारण तीस-पन्नास ओहमच्या आत. काळी-लाल म्हणजे सीडीआयला चार्ज देणारी एक्सायटर कॉइल. तिचा चांगल्या अवस्थेतला रेझिस्टन्सच दोनशे ते सहाशे ओहमच्या मध्ये कुठेतरी असतो. धडधाकट कॉइलवरसुद्धा बझर वाजणार नाही, जन्मात वाजणार नाही. मीटर २००० ओहमच्या रेंजवर फिरवला असता तर आकडा समोर आला असता. माझ्या वहीत त्याच गाडीचा आकडा लिहिलेला होता, ३८५ ओहम. वही टेबलाच्या खणात, टेबल दहा पावलांवर. नाही उठलो.

त्याच बैठकीत त्याने सीडीआयच्या पिनांवरही मीटर लावला आणि ‘हापण गेलाय’ म्हणाला. घरगुती मल्टिमीटरने सीडीआय तपासता येत नाही. आत कपॅसिटर, थायरिस्टर वगैरे रेझिनमध्ये बुडवलेलं असतं, पिनांवर काय आकडे दिसावेत ते कंपनीगणिक बदलतं. सीडीआय शेवटी ठरतो, बाकी सगळं चांगलं निघाल्यावर, किंवा दुसऱ्या चालत्या गाडीचा लावून बघितल्यावर. माझ्याकडे तशाच तीन चालत्या गाड्या उभ्या होत्या. तरी मीटर टेकवून ‘सीडीआय गेला’ म्हणणाऱ्याला मी पैसे दिले.

त्याने काय केलं नाही, ते जास्त महत्त्वाचं. सीडीआयच्या कपलरमधली काळी-पांढरी वायर त्याने एकदाही काढून बघितली नाही, निदान माझ्यासमोर तरी.

या गाड्यांत बहुतेक एसी सीडीआय असतो, म्हणजे बॅटरीवर नाही, स्टेटरच्या करंटवर चालणारा. तो बंद करायची पद्धत म्हणजे काळी-पांढरी वायर बॉडीला अर्थ करणं. चावी, हँडलवरचा लाल किल स्विच, मागची दोरी ओढून गाडी बंद करायचा स्विच, रिमोट अलार्मचा डबा, सगळे एकाच वायरवर लटकलेले. यातला एक जरी खाऱ्या हवेने आतून गळका झाला, किंवा हँडलच्या दांड्यापाशी वायर घासून फ्रेमला लागली, की करंट गायब. म्हणून पहिली चाचणी हीच: काळी-पांढरी सीडीआयपासून सुटी करायची, सेल्फ मारायचा. करंट आला तर स्टेटर, पिकअप (ठिणगीची वेळ सांगणारी छोटी कॉइल), सीडीआय, कॉइल सगळं शाबूत आहे आणि दोष स्विचच्या बाजूला आहे. पाच मिनिटं, शून्य रुपये. मात्र वायर सुटी असताना इंजिन चालू झालं तर चावीने बंद होणार नाही. चोक पूर्ण ओढून किंवा पेट्रोलचा कॉक बंद करूनच थांबवायचं, आणि गिअर न्यूट्रलला आहे ना ते आधी बघायचं.

हे शेवटचं वाक्य माझ्यासाठी दुप्पट कडू आहे. गाडी परत आणून दिली तेव्हा ती टेम्पोतून चालू अवस्थेतच उतरली. ‘गार आहे साहेब, थोडी चालू द्या.’ मी नोटा मोजत होतो. बंद त्यानेच केली, खाली वाकून, चोक ओढून. चावीला हात लावला नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि मनात कुठेही खटकलं नाही.

संध्याकाळी चावी फिरवली, इंजिन चालूच. किल स्विच दाबला, चालूच. मागची दोरी ओढली, तरी चालूच. ती दोरी कशासाठी असते? पर्यटकाचं पोर ॲक्सिलेटर दाबून समुद्राकडे सुटलं तर आपण ओढावी म्हणून. तीच त्याने निकामी करून दिली. सीडीआयजवळची नवीकोरी काळी टेप सोलली तर काळी-पांढरी वायर पक्कडने तोडलेली. ४,२०० रुपयांची ‘वायरिंग’ म्हणजे ही चार इंच टेप. वायरचं गाडीकडचं टोक आणि फ्रेम यांच्यात मीटर धरला, चावी चालू, किल स्विच गाडी चालू ठेवायच्या स्थितीत. तिथे काहीच दिसायला नको. दिसले ४० ओहम. किल स्विच उघडला तर पितळी पट्ट्यांवर हिरवट क्षार साचलेला, ओलसर.

मग इंजिनच्या साइड कव्हरकडे गेलो. ९,५०० ची मॅग्नेट कॉइल बदलायची तर कव्हर खोलावंच लागतं, आणि खोललं की गास्केट नवं टाकावं लागतं. कव्हरच्या बोल्टांच्या डोक्यांत जुनं मीठ आणि वाळू तशीच ठासलेली. पाना लागलेलाच नाही! कपलरवर मोजलं: ३८५. वहीतला आकडा, तोच. इग्निशन कॉइलही माझीच, डिझेलने पुसून चकचकीत केलेली. बदलला होता फक्त सीडीआय, आणि माझा चांगला सीडीआय तो घेऊन गेला. आता तो कुणाच्या तरी गाडीत ‘इंपोर्टेड’ म्हणून बसला असणार.

जुने पार्ट मागा. काम सुरू व्हायच्या आधी सांगा की जुनं सगळं परत हवंय. आणि प्रत्येक पार्टवर नेलपॉलिशचा ठिपका द्या, कव्हरच्या दोन बोल्टांवरसुद्धा.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: ‘गाडीचा नंबर?’ असल्या एटीव्हीला नंबर नसतो, आरटीओ तिची नोंदणी करत नाही. ‘मग गाडी तुमची कशावरून?’ खरेदीचं बिल दाखवलं. पुढचा प्रश्न: ‘बीचवर चालवायची परवानगी?’ तक्रार फसवणुकीची आणि चौकशी माझी. शेवटी ‘ही दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा’. कव्हर न उघडता कॉइल बदलल्याचे पैसे घेणं ही दिवाणी बाब! भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मी तोंडाने सांगितलं, तर साहेब म्हणाले, ‘वकील आहात का?’ अर्ज घेतला, पोच द्यायला तीन खेपा.

१९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला. उत्तर: ‘माणूस समोर येऊन गेलाय, तुम्ही स्वतः पिन टाकलाय, म्हणजे हे सायबरमध्ये बसत नाही.’ बँकेचं उत्तरही तेच, फक्त जास्त गोड आवाजात. १९१५ ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक मिळाला. मग विचारलं, विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक काय? अहो, त्याचं बिल वहीच्या फाटक्या पानावर आहे, जीएसटी कुठून आणू? एका कार्यालयात तर बाबूंनी निकालच देऊन टाकला: ‘गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहकच नाही.’ हे साफ चूक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाच्या व्याख्येखालीच स्पष्टीकरण आहे की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीचा वापर व्यापारी हेतूत मोडत नाही. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची. हे मला खिडकीमागच्या माणसाने सांगायला हवं होतं, मी त्याला सांगत होतो. त्याने चष्मा पुसला आणि जेवणाची सुट्टी झाली. पोलिसांनी गुन्हा नोंदवलाच नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी पाठवता येतं, हेही कुणी सांगत नाही. मी पाठवलंय. पोचपावती आलीय, बाकी काही नाही.

रोख ११,००० चा तर पुरावाच नाही. रोख देऊ नका. दिलेच तर चालू गाडीचा, चावीने बंद होतानाचा व्हिडिओ काढल्यावर द्या.

ज्यांची गाडी आज उभी आहे त्यांच्यासाठी: प्लग १० मिमी आट्यांचा, ए७टीसी किंवा एनजीकेचा सी७एचएसए, गॅप ०.६ ते ०.७ मिमी. करंट बघताना प्लगची बॉडी इंजिनला घट्ट टेकवा आणि प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ येते. कॅप हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नका, त्याने चांगली कॉइल आणि सीडीआय मरतात. बॅटरी बघा: सेल्फ फिरताना दहा व्होल्टच्या बरीच खाली जात असेल तर इंजिन मंद फिरतं आणि एक्सायटर पुरेसा व्होल्टेज देत नाही. काळ्या-लाल वायरवर सेल्फ मारताना एसी रेंजवर चाळीसच्या वर व्होल्ट दिसायला हवेत. पिकअप कॉइल, निळी-पांढरी, शे-दोनशे ओहम. इग्निशन कॉइलची प्रायमरी एक ओहमच्या आत, सेकंडरी कॅप काढून तीन ते पाच हजारांच्या आसपास. आकडे बरोबर आले तरी तापल्यावर आतलं इन्सुलेशन फुटणारी कॉइल असते, ती बदलूनच कळते. करंट आहे, टायमिंग चुकलंय, इंजिन उलट ठोसा मारतंय असं असेल तर मॅग्नेटची चावी (मॅग्नेटला शाफ्टवर जागेवर धरणारा लोखंडी तुकडा) कापली गेलीय का बघा. रंग कंपनीगणिक थोडे बदलतात, तेव्हा वायर कपलरपासून शेवटपर्यंत डोळ्यांनी मागे न्या.

आणि काही गाड्यांत डीसी सीडीआय असतो, बॅटरीवर चालणारा. स्टेटरमधून काळी-लाल येत नसेल आणि चावी लावल्यावर सीडीआयला १२ व्होल्ट पोहोचत असतील तर तो डीसी. सहा पिनांचे दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात, एकाच्या जागी दुसरा चालत नाही. दुकानदार दोन्ही ‘फिट होतो’ म्हणूनच विकतो. फिट होतोच तो.

परवा शेजारच्या स्टॉलवाल्याची गाडी बंद पडली. मी पोहोचेपर्यंत त्याच माणसाचा टेम्पो येऊन गेला होता, ९,००० ॲडव्हान्सही गेला होता. म्हटलं, काळी-पांढरी काढून बघितली का रे कुणी? तो म्हणाला, ‘कसली काळी-पांढरी, दादा? बझर वाजलाच नाही ना.’