बडोद्यात जपानी पाणबुड्या स्त्रियांचा रहस्यपट

बडोद्यातील एका चित्रपट मंडळाने नुकताच ‘आमा’, म्हणजे समुद्रतळाशी बुड्या मारणाऱ्या जपानी स्त्रिया, यांच्यावरील एक जुना रहस्यपट दाखवला. शिंतोहो कंपनीने १९५९ साली काढलेला आणि मोरिहेइ मागातानी यांनी दिग्दर्शित केलेला हा कृष्णधवल चित्रपट ‘गर्ल डायव्हर्स ऑफ स्पूक मॅन्शन’ या इंग्रजी नावाने ओळखला जातो. नायिका योको मिहारा आहे. पुढे याकुझापटांमुळे, म्हणजे जपानी गुन्हेगारी टोळ्यांवरील चित्रपटांमुळे, गाजलेला बुंता सुगावारा येथे अगदी कोवळा दिसतो.

रहस्यकथा म्हणून चित्रपट बेताचाच आहे. समुद्रकाठचा वाडा, भुताचा वावर, भेदरलेली मैत्रीण आणि तिच्याकडे आलेली नायिका एवढ्या सामग्रीवरून रहस्यमालांवर पोसलेला मराठी वाचक गुन्हेगार लवकरच हेरील. ओलेत्या स्त्रिया दाखवण्याचे निमित्त म्हणून भूत आणले आहे, हेही लपत नाही. १९६१ साली दिवाळे निघालेल्या या कंपनीचा अखेरच्या वर्षांतील भर अशाच स्वस्त, सनसनाटी चित्रपटांवर होता.

तरीही पाण्याखालील दृश्ये पाहावीत. ऑक्सिजनच्या नळकांड्याशिवाय, केवळ छातीतल्या हवेवर तळाशी जाऊन येण्यातली घाई आणि शिस्त कॅमेऱ्याने नेमकी टिपली आहे. मात्र चित्रपटातला मोत्यांचा झगमगाट ही बरीचशी पडद्याची हौस आहे. जपानी उद्योजक कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ साली संवर्धित, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले, मोती मिळवल्यानंतर मोत्यांचा व्यवसाय शेतीच्या वळणाने गेला. जपानच्या शिमा परिसरातील आमा प्रामुख्याने अबलोन (खाण्याचा एक मोठा सागरी शंख), इतर शंखशिंपले आणि समुद्रशेवाळ काढतात. खंडेराव गायकवाडांच्या मोत्यांच्या गालिच्याची कथा ऐकत वाढलेल्या बडोदेकराला आणखी एक फरक जाणवेल: त्या गालिच्यातल्या बसऱ्याच्या मोत्यांसाठी इराणच्या आखातात पुरुष बुडी मारीत, इथे ती जोखीम बायकांची आहे, आणि चित्रपटातला एकही पुरुष त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

मंडळाची व्यवस्था चांगली होती. आरंभीचे मराठी निवेदन आटोपशीर होते आणि त्यात कथेचा उलगडा फोडलेला नव्हता, याबद्दल निवेदकांचे आभार मानावेत. इंग्रजी उपशीर्षके मात्र पांढऱ्या अक्षरांत असल्याने फेसाळ लाटांवर आणि पांढऱ्या कपड्यांवर नाहीशी होत होती, त्यामुळे चौकशीच्या प्रसंगातील अर्धे संवाद हुकले. पुढच्या खेळास काळ्या पट्टीवरील उपशीर्षकांची प्रत मिळाल्यास बरे होईल. रहस्यप्रेमींनी घाई करू नये, जपानी चित्रपटांच्या अभ्यासकांनी मात्र जरूर जावे.