उपद्व्यापी टोळीला कोणता खेळ द्यावा?

रोलप्लेइंगचा डाव, पुलावर चार गॉब्लिन, म्हणजे ठेंगणे राक्षस. आदल्या रात्री दोन तास घालवून मी त्या पुलाचा नकाशा काढला होता, कुठला गॉब्लिन कुठून बाण मारणार तेही ठरवलं होतं. एका गड्याने हातातला समोसा बशीत ठेवला आणि म्हणाला, "मी चोपडी काढतो आणि विचारतो, जकात भरली का?" पुढचा पाऊण तास तलवार कुणी उपसलीच नाही. गॉब्लिन पिशव्या उलट्या करून दाखवत होते आणि हा वजनकाटा नसताना वजनावर दंड आकारत होता.

तुमच्याही घरी रविवारी असेच लोक जमणार असतील आणि फॅन्टसी रोलप्लेइंगला (एकाने डाव चालवायचा, बाकीच्यांनी काल्पनिक जगातलं एकेक पात्र व्हायचं) सुरुवात कशाने करावी हा प्रश्न असेल, तर मी चालवलेले तीन खेळ सांगतो: डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती (२०१४, सुधारित २०२४), डंजन वर्ल्ड (२०१२) आणि ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स (२०१९). हा तिसरा म्हणजे १९८१ च्या डंजन्स अँड ड्रॅगन्सचे नियम नीट लावून पुन्हा छापलेले. जकातवाल्याला तिन्ही पुलांवर उभं करू.

पाचव्या आवृत्तीत वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात कॅरिस्मा (व्यक्तिमत्त्वाची छाप) आणि थाप मारण्याचं कौशल्य मिळवायचं. पहिल्या लेव्हलच्या बोलघेवड्या बार्डला, म्हणजे भाटाला, साधारण +५ मिळतात. मध्यम अवघड कामाचं लक्ष्य १५, म्हणजे १० किंवा वर पडलं की जमलं, शंभरात पंचावन्न वेळा. त्यानंतर पुस्तक गप्प होतं. गॉब्लिन फसले, बरं, पुढे? फसले नाहीत, तर लगेच बाण की आधी शिव्या? ते तुमचं तुम्ही बघा.

या खेळातले खरे उपद्व्याप बोलण्यात नसतात, कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची ताकद आणि सामान लिहिलेल्या कागदावर, असतात. बटण दाबलं की हवेत जिथल्या तिथे अडकून राहणारा एक दांडा आहे, ८,००० पौंड पेलतो. आमच्याकडे तो दाराला अडसर म्हणून लागला आणि पलीकडचा राक्षस रात्रभर धडका देत बसला. आणि ती शेतकऱ्यांची रांग! दोन हजारांवर शेतकरी ओळीने उभे करायचे, प्रत्येकाने आपली पाळी राखून ठेवायची आणि भाला पुढच्याच्या हातात द्यायचा. एक फेरी सहा सेकंदांची, म्हणजे भाला सहा सेकंदांत मैलोगणती पळाला, मग तो तोफगोळ्यासारखा का लागू नये? हा युक्तिवाद इतका चालला की डंजन मास्टरसाठी, म्हणजे डाव चालवणाऱ्यासाठी, छापलेल्या २०२४ च्या पुस्तकात, नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे, असं या रांगेचंच उदाहरण देऊन छापावं लागलं. तुमच्या टोळीत सीए किंवा वकील असतील तर त्यांना हा खेळ स्वर्ग वाटेल. तुम्हाला वाटेलच असं नाही.

डंजन वर्ल्डमध्ये मुख्य फासे ल्युडोच्या डब्यातले दोन चालतात, इजा मोजायला मात्र वेगळे लागतात. कौशल्य मिळवून बेरीज १० किंवा वर आली तर काम फत्ते. ६ किंवा खाली आलं तर डाव चालवणाऱ्याच्या हाती. खरी गंमत ७ ते ९ मध्ये, आणि तुमचं कौशल्य कमी-जास्त असलं तरी दहातल्या तीन-चार वेळा फासे तिथेच पडतात. पण नुसत्या थापेवर वाटाघाटी होत नाही, गॉब्लिनला हवं असलेलं किंवा तो घाबरतो असं काहीतरी हातात लागतं. आमचा म्हणाला, "चोरटा माल सरदाराला कळवणार नाही." फासे पडले ८. नियम असा की समोरचा ऐकेल, पण शब्द पाळाल याची खात्री त्याला आत्ताच्या आत्ता हवी. गॉब्लिन म्हणाला, "पावती दे. शिक्क्यासकट." शिक्का कुठून आणायचा यावर अर्धं सेशन गेलं. शिवाय हरलेल्या फाशाला अनुभवाचा एक गुण मिळतो (असे गुण साठले की लेव्हल वाढते), त्यामुळे भित्रा माणूसही तिसऱ्या खेपेला मूर्खपणाला धजावतो. तयारी जवळजवळ शून्य. पण दर पाच मिनिटांनी नवं संकट तुम्हालाच सुचावं लागतं, आणि रात्री दहानंतर मला ते सुचत नाही.

ओल्ड-स्कूलमध्ये थाप मारण्याचं कौशल्यच नाही. गॉब्लिनचा कल कसा ते दोन फाशांवर ठरतं: २ ला थेट हल्ला, १२ ला मैत्री आणि मधोमध, ६ ते ८ ला, बुचकळ्यात. बुचकळ्यातला गॉब्लिन म्हणजे थापाड्याला आयतं कुरण. बाकी सगळं खेळाडू तोंडाने काय बोलतो त्यावर. आता हिशोब बघा. एक गॉब्लिन मारला तर ५ अनुभवगुण, चारांचे २०. पण सुखरूप घरी आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याला १ गुण. ६० नाणी जकात वसूल केली तर ६०, आणि कुणाच्या अंगाला ओरखडाही नाही. पाचव्या आवृत्तीत तेच चार गॉब्लिन कापले की २०० गुण ठरलेले, जकातीचे किती ते डंजन मास्टरच्या मर्जीवर. मग लोक तलवार काढतात यात नवल ते काय!

किंमत मात्र मोजावी लागते. जीव शून्यावर आला की कॅरेक्टर मेलं. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराचा जीव चार बाजूंच्या फाशाएवढा आणि मंत्र दिवसाला एक. आमच्यातल्या एकीने चार पानांची पूर्वकथा लिहून आणली होती. तिचा जादूगार पहिल्याच दारात गेला. ती अजून ऐकवते. असं कुणी तुमच्या टोळीत असेल तर हा खेळ नकोच.

पैशांचं म्हणाल तर घाई नको. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सवर, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येतील अशा परवान्यावर, आहेत, डंजन वर्ल्डचा मजकूरही खुला आहे आणि ओल्ड-स्कूलचे प्राथमिक नियम फुकट मिळतात. परदेशी जाडजूड पुस्तकं नंतर मागवा.

काही उपद्व्यापांवर मात्र यातला कुठलाच खेळ इलाज नाही. बागेत 'गझिबो' (साधा छत्रीवजा मंडप) आहे ऐकून त्याला राक्षस समजणाऱ्या आणि बाण मारूनही तो जखमी का होत नाही म्हणून चिडणाऱ्या अमेरिकन खेळाडूचा किस्सा ऐंशीच्या दशकापासून सांगितला जातो. आमच्याकडे मी छापील इंग्रजी वर्णन वाचलं आणि एकाने 'पोर्टकलिस'ला लवून नमस्कार घातला. किल्ल्याचा वर-खाली सरकणारा लोखंडी जाळीचा दरवाजा तो. तेव्हापासून वर्णनं मराठीतच.

माझ्या टोळीने ओल्ड-स्कूल धरलंय. पहिला जकातवाला कोळ्याच्या विषाने गेला. त्याच खेळाडूच्या दुसऱ्या कॅरेक्टरने प्रेताजवळची चोपडी उचलली, धूळ झटकली आणि शेवटच्या नोंदीपासून वसुली पुढे सुरू केली. कोळ्याच्या नावावर थकबाकी आहे.