खाडीतला ड्रेजर की लिस्टेड ड्रेजिंगचा शेअर?

गणपतीत चाकरमानी गावाला आले की हा विषय निघतोच. ओळखीतला कोणीतरी चारपाच जणांना धरून प्रायव्हेट लिमिटेड काढतो, नदीच्या मुखाशी सक्शन ड्रेजर (तळातली वाळू पंपाने ओढून काढणारी बोट) लावून वाळू काढायची म्हणतो आणि तुम्ही दोन-पाच लाख घाला म्हणून मागे लागतो. दुसरीकडे शेअर बाजारात ड्रेजिंगवाल्या, म्हणजे गाळ उपसणाऱ्या, लिस्टेड कंपन्या आहेतच. मी दोन्ही बघितलं, मग एकात पैसे घातले, कशात ते खाली कळेल. माझा अनुभव म्हणजे काही शेवटचा शब्द नाही.

आधी एक लक्षात घ्या, दोन्हीकडे ड्रेजर असला तरी धंदा वेगळा आहे. छोटी कंपनी वाळू विकून कमावणार, म्हणजे वाळूचा भाव पडला की ती पण पडली. ड्रेजिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियासारखी कंपनी बंदराचा गाळ उपसायचे पैसे घेते, कोची असो नाहीतर हल्दिया, चॅनल, म्हणजे जहाजांची वाट, परत परत भरणारच आणि तो उपसावाच लागणार, काढलेल्या गाळाला गिऱ्हाईक शोधत बसायला लागत नाही.

वाळूचं गणित कागदावर मस्तच दिसतं, ब्रासमागे (ब्रास म्हणजे १०० घनफूट) एवढे सुटतात, दिवसाला एवढे ब्रास, झालं. पण २०२३ ला सरकारने डेपोतून ६०० रुपये ब्रासने वाळू द्यायचं ठरवलं आणि २०२५ ला ते गुंडाळून परत लिलाव आणले, वर आता कृत्रिम वाळूला जोर. लिलावात खाडीचा गट, म्हणजे वाळू काढायचा ठरलेला तुकडा, मिळाला तरी ३ वर्षांसाठी, त्यात पावसाळ्यात उत्खनन बंद, ड्रेजरच्या कर्जाचा हप्ता मात्र पावसाळा बघत नाही. आणि सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बंधनं असलेल्या पट्ट्यात, हातपाटीवाल्यांना (बुडी मारून हाताने वाळू काढणाऱ्यांना) थोडीफार वाट आहे, मशीन लावायचं म्हटलं की मेरीटाइम बोर्ड, पर्यावरण, जिल्हाधिकारी अशी रांगच. २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या दीपक कुमार निकालानंतर ५ हेक्टरच्या आतल्या पट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागते, त्यामुळे "छोटासाच तुकडा आहे, काय लागत नाही" असं कोणी म्हणालं तर चहा पिऊन उठा. खाडीतल्या तिसऱ्या (शिंपल्या) काढणाऱ्या बायका आणि होडीवाले ग्रामसभेत काय बोलतील ते वेगळंच, आणि माझ्या मते त्यांचं चुकतही नाही.

परवानगी अडकली की काय होतं ते बघायला लांब जायला नको, शेजारी गोव्यात २०१२ ला खाणी बंद झाल्या, परत सुरू झाल्या, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या, आणि ज्यांनी कर्ज काढून खनिज वाहायच्या बोटी, म्हणजे बार्ज, घेतल्या होत्या त्यांना बार्ज नुसत्या नांगरून ठेवायची वेळ आली.

पण खरं सांगायचं तर मी या कारणांनी मागे नाही हटलो, धोका सगळीकडेच असतो. मला वैताग आला तो ड्रोन व्हिडिओचा. मी विचारायचो की खाडीच्या खोलीची मोजणी कधीची आहे, नकाशा पाठवा, तर व्हॉट्सअ‍ॅपवर ड्रोन व्हिडिओ यायचा, वरून हिरवी खाडी, माडाच्या बागा, खाली ढोलताशाचं म्युझिक. मंजुरीची कॉपी मागितली, परत व्हिडिओ, या वेळी जेटीवर उभे असलेले डायरेक्टर पण त्यात. शेवटी नकाशा आला तो काही पावसाळ्यांपूर्वीचा निघाला. मामेभाऊ म्हणाला, "अरे, खाडी खंय पळान जाता काय?" खाडी नाही जात, पण वाळूचा दांडा जातो ना बाबा! ज्या दांड्यावर आम्ही लहानपणी क्रिकेट खेळलो तिथे आज होडी चालते, आणि कंपनीचा सगळा हिशोब त्या जुन्या दांड्यात किती ब्रास आहे यावर.

त्या मानाने लिस्टेड कंपनीचा तिमाही निकाल म्हणजे झोप आणणारी पीडीएफ, पण ती येते, तोटा असला तरी छापून येते. ड्रेजिंग कॉर्पोरेशनमधला सरकारचा ७३.४७ टक्के हिस्सा २०१९ ला चार बंदरांकडे गेला, हे मला कोणाच्या ओटीवर बसून विचारावं लागलं नाही. पुढे घराच्या दुरुस्तीला पैसे लागले तेव्हा थोडे शेअर विकले, दुसऱ्या दिवशी पैसे हजर. प्रायव्हेट कंपनीचा शेअर विकायचा कोणाला, त्याच डायरेक्टरला?

आता लिस्टेडमध्ये सगळं गोड आहे असं नाही हां. तोट्याची वर्षं येतात, भाव असा आपटतो की घरात सांगायची सोय नसते, आणि पाचपट-दहापट वगैरे स्वप्न मी तरी बघत नाही. खाडीतलं जमलं तर पैसा तिकडे जास्त हे मान्य. ज्याचा स्वतःचा हातपाटीचा धंदा आहे, खाडी रोज पायाखाली आहे, तो कदाचित उलट ठरवेल आणि त्याचं बरोबरही असेल.

तुम्ही तिकडेच झुकत असाल तर परिवेश या सरकारी पोर्टलवर पर्यावरण मंजुरीचा अर्ज स्वतः शोधा. पैसे बँकेतूनच द्या, रोख घेणं कायद्यात बसत नाही. पैसे दिल्यापासून ६० दिवसांत शेअर नावावर व्हायला हवेत, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत परत, तेही नाही झालं तर १२ टक्के व्याजाने, आणि शेअरवाटपाची नोंद दाखल होईपर्यंत कंपनीला ते पैसे वापरता येत नाहीत. "आधी ड्रेजरची ॲडव्हान्स भरूया, कागद मागून करू" हे वाक्य मी स्वतः ऐकलंय म्हणून सांगतो. मामेभावाला मी म्हटलंय, या पावसाळ्यानंतरची मोजणी करून आण, मग बसू.