हरणांसाठी उशिराचा फूड प्लॉट: राय, ओट, गहू की सलगम?

उशिराच्या फूड प्लॉटमध्ये, म्हणजे हरणांना खायला चारा पेरलेल्या जमिनीच्या तुकड्यात, बियाणं नंतर, तारीख आधी. अमेरिकेत मिशिगनचा दक्षिण भाग, ओहायो आणि पेनसिल्व्हेनिया या पट्ट्यात ज्यांची स्वतःची जमीन आहे आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणांना हिवाळ्यात तिथे चारा मिळावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी पिशवी विकत घेण्याआधी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. आज तारीख किती, आणि हरणांनी तो चारा खायचा कधी, ऑक्टोबरात की जानेवारीत? या दोन उत्तरांवर निम्मा निर्णय होऊन जातो.

(हे सगळं तिथल्या खाजगी जमिनीपुरतं. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार शिकार बंद आहे, त्यामुळे चितळ-सांबरांना चारा पेरून जवळ आणण्याचा हा हिशेब इकडे लागू नाही.)

| पीक | पेरणीचा काळ | एकरी बियाणं, फोकून (हाताने विखरून) | खोली |
|---|---|---|---|
| राय | ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर मध्य | १०० ते १२० पौंड | १ इंच |
| ओट | १० ऑगस्ट ते १० सप्टेंबर | ८० ते १०० पौंड | १ इंच |
| हिवाळी गहू | सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा | १०० ते १२० पौंड | १ इंच |
| सलगम, रेप (मोहरीच्या कुळातलं चारापीक) | २० जुलै ते १५ ऑगस्ट | ४ ते ५ पौंड | पाव इंच |

पाभरीने पेरलंत तर धान्यपिकांचं बियाणं साधारण पाव हिश्श्याने कमी करा.

राय

आधी नावाचा घोळ. राय म्हणजे आपली फोडणीतली राई नव्हे. ते गव्हाच्या जातकुळीतलं धान्य. दुसरा घोळ जास्त महागात पडतो: रायग्रास. नाव सारखं असलं तरी ते गवत आहे. हरणं त्याला फारसं विचारत नाहीत, आणि एकदा बी पडलं की ते वर्षानुवर्षं उगवत राहतं. मिश्र बियाण्याच्या स्वस्त पिशव्यांत रायग्रास भर म्हणून घातलेलं असतं. म्हणून पिशवीवरचं चित्र सोडा आणि शिवलेल्या टॅगवरची यादी, उगवणीची टक्केवारी आणि तपासणीची तारीख वाचा. ‘सीरिअल राय’ किंवा ‘विंटर राय’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

रायची ताकद थंडीत दिसते. जमिनीचं तापमान १ अंश सेल्सियसच्या वर असलं तरी ती उगवते आणि ४-५ अंशांना हळूहळू वाढते. बर्फ वितळून दोन-चार दिवस ऊन पडलं की पुन्हा पालवते. सामू (pH) ५.५ असलेल्या, कस नसलेल्या रेताड जमिनीतही उभी राहते. झाडीतल्या मोकळ्या जागेत, जिथे चुना कधी टाकलेलाच नाही, तिथे बहुतेक वेळा हेच एक पीक भरवशाचं ठरतं.

कमी कुठे पडते? चवीत. शेजारी ओट किंवा गहू कोवळा असेल तर हरणं आधी तिकडे जातात. राय फुटवे धरून जून झाली की पानं राठ होतात, म्हणून ऑगस्टच्या सुरुवातीला पेरण्यात फायदा नाही. तिची गोडी उशिरा पेरण्यातच आहे.

ओट

महाराष्ट्रात दुभत्या जनावरांसाठी रब्बीत ओट करणाऱ्यांना त्याचा गोडवा माहीत आहे. हरणांनाही तो या चौघांत सगळ्यात जास्त आवडतो. पेरल्यापासून पाच-सहा आठवड्यांत वीतभर कोवळा पाला तयार होतो आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर प्लॉटवर वर्दळ राहते.

पण त्याचं आयुष्य थोडं. लागोपाठ काही रात्री पारा उणे ८ ते उणे १० अंशांवर गेला की ओट पिवळा पडून झोपतो आणि परत उठत नाही. म्हणजे ओट एकटा पेरणं हे डिसेंबरनंतर प्लॉट रिकामा ठेवणं आहे. १० सप्टेंबरनंतर एकटा ओट पेरू नका. पाला धरेपर्यंत थंडी येते.

गहू

गहू या दोघांच्या मधला. चव रायपेक्षा बरी, थंडी ओटापेक्षा कितीतरी जास्त सोसतो, पण जमीन चांगली मागतो. सामू ६ च्या वर हवा आणि पाणी साचणारी जागा नको. हेसियन माशी या गव्हावरच्या किडीचाही विचार करावा लागतो. तिच्यामुळे ओहायोत गव्हाच्या पेरणीच्या सुरक्षित तारखा ठरलेल्या आहेत, उत्तरेला २२ सप्टेंबरपासून दक्षिण टोकाला ५ ऑक्टोबरपर्यंत. शेजाऱ्याचा गहू विकायचा असेल तर तुमचा लवकर पेरलेला प्लॉट त्याच्या रानासाठी माशीचं घर ठरू नये. ओटाला ही माशी लागत नाही.

सलगम, रेप आणि मुळा

मोहरीच्या कुळातली ही पिकं एकरी सर्वांत जास्त चारा देतात, आणि सर्वांत जास्त अपेक्षाभंगही यांच्यातच होतो. कारण बहुधा एकच: उशीर. सलगमला ६० ते ९० दिवस लागतात. सप्टेंबरच्या मध्यात पेरलेलं सलगम चार पानांवर थांबतं, खाली गड्डा धरतच नाही.

दुसरं कारण नत्र. एकरी ६० ते १०० पौंड नत्र लागतं. ८० पौंडांचा हिशेब धरला तर ४६ टक्क्यांचा युरिया साधारण १७५ पौंड. तो मातीवर नुसता पसरून ठेवला तर बराचसा हवेत उडून जाऊ शकतो. पाऊस तोंडावर असताना टाका किंवा पाळी घालून मातीत मिसळा. नत्र कमी पडलं की पानं जांभळट-पिवळी होऊन खुरटतात. (राय, गहू, ओट ३० ते ५० पौंडांत भागवतात.)

तिसरं, सवय. ज्या भागात हरणांनी सलगम कधी पाहिलेलं नाही, तिथे पहिल्या वर्षी ती त्याला तोंडही लावत नाहीत असं घडतं. कडक दंवानंतर पानांतला गोडवा वाढतो, मग ओढा वाढतो. गड्डे जानेवारीत खुरांनी उकरून खातात. लांब मुळा मात्र कडाक्यात आधी सडतो. एकाच जागी दोन वर्षांपेक्षा जास्त मोहरीवर्गीय पीक घेऊ नका, मुळांवर गाठी येणारा क्लबरूट रोग मातीत मुक्काम करतो.

उभा मका आणि उभं सोयाबीन खोल बर्फात या सगळ्यांहून सरस, कारण दाणा बर्फाच्या वर राहतो. पण त्यांची पेरणी मे-जूनची. ती वेळ गेली असेल तर तो पर्याय यंदा नाही.

मग काय निवडायचं

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात असाल, सामू ६ च्या पुढे असेल आणि जागा एक एकराहून मोठी असेल, तर अर्ध्या भागात सलगम-रेप आणि अर्ध्यात महिन्याभराने धान्य. ऑगस्टअखेर ते १० सप्टेंबर असेल तर आमचा कौल मिश्रणाला: एकरी राय ५० पौंड, ओट ४० पौंड, लाल क्लोव्हर (द्विदल चारापीक) ८ पौंड, मुळा ३ पौंड. ओट आधी खाल्ला जातो, राय मागे उरते, क्लोव्हर वसंतात वर येतं. क्लोव्हरच्या बियाण्याला रायझोबियम (हवेतलं नत्र धरणारे जिवाणू) लावलेलं असल्याची खात्री करा. २० सप्टेंबर उलटला असेल तर डोकं शिणवू नका, नुसती राय १२० पौंड. चांगली जमीन असल्यास त्यातली निम्मी गव्हाने बदला.

जागा २० गुंठ्यांहून, म्हणजे अर्ध्या एकराहून लहान आणि हरणं भरपूर असतील तर सलगम आणि ओट दोन्ही उगवतानाच फस्त होतात. तिथे रायच टिकते.

पेरणीत चुकतं ते

माती परीक्षणाआधी खत घेऊ नका. चुना टाकला तरी सामू हलायला काही महिने लागतात. सप्टेंबरात टाकलेला चुना पुढच्या वर्षासाठी, या पिकाला त्याचा आधार धरू नका.

आधी मक्याचं रान असेल तर ॲट्राझिनसारख्या तणनाशकाचा अंश मातीत उरतो आणि मोहरीवर्गीय व क्लोव्हर जळतात. कुंडीत ती माती भरून मुळ्याचं बी टाका, शेजारी दुसऱ्या स्वच्छ मातीची कुंडी. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो.

तण मारायला ग्लायफोसेट फवारलं तर सात-दहा दिवस थांबून, वापसा आल्यावर हलकी पाळी. धान्याचं बी फोकून पुन्हा पाळी घाला. सलगम-क्लोव्हरचं मात्र मैंद किंवा रोलर फिरवून आधी रान दाबून घ्या, मग बी, मग परत रोलर. रान पुरेसं दाबलं की बुटाचा ठसा अर्ध्या इंचाहून खोल उमटत नाही. भुसभुशीत मातीत बारीक बी इंचभर खाली गेलं की वर येत नाही. बारीक बी वाळूत मिसळून निम्मं उभं, निम्मं आडवं फोका, म्हणजे पट्टे मोकळे राहत नाहीत.

पेरणीच्याच दिवशी चार फूट व्यासाचा जाळीचा पिंजरा एका जागी ठोका. पिंजऱ्यात पीक गुडघ्याला आणि बाहेर उघडी माती असेल तर दोष बियाण्याचा नाही, जागा लहान पडते आहे. बाहेरची पानं जवळून पाहा. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे त्याने खाल्लेलं टोक फाटलेलं, धागे लोंबणारं असतं. कात्रीने तिरकं कापल्यासारखं टोक दिसलं तर तो ससा आहे, आणि कुंपणाची उंची नव्हे, जाळीची भोकं बदलायला हवीत.