मॅटप्लॉटलिबचं अ‍ॅनिमेशन: चित्र झकास, वेळेचं गणित आपलं आपण
आमच्या कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या मंडळाला यंदा गणपतीत पडद्यावर पंचगंगेचा पूर दाखवायचा होता. मी अकरावी-बारावीला भूगोल शिकवते, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडीफार येते, म्हणून काम माझ्या गळ्यात. 2019 च्या ऑगस्टमधले राजाराम बंधाऱ्यावरच्या पातळीचे दहा दिवसांचे, तासातासाचे 240 आकडे माझ्या वहीत होते. चढती रेघ काढायला मॅटप्लॉटलिब या पायथनमधल्या आलेख काढायच्या लायब्ररीचं, हलतं चित्र करणारं फंकअ‍ॅनिमेशन घेतलं. फुकट आहे, माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं, चित्र देखणं येतं. पाचपैकी चार तारे. एक कापला तो वेळेपायी.

(पहिली चूक माझीच. 42 फूट 10 इंच मी 42.10 असं भरलं. 9 इंचांवरून 10 वर जाताना पाणी धाडकन खाली! इंचांना 12 नं भागायचं असतं, हे भूगोलाच्या बाईंना कळायला रात्र गेली.)

इंटरव्हल म्हणजे दोन फ्रेममधलं अंतर, मिलिसेकंदात. काही सांगितलं नाही तर 200, म्हणजे माझा पूर 48 सेकंदांचा. मी 50 केलं, हिशोबानं 12 सेकंद. पण दरवेळी अख्खं चित्र नव्यानं काढायचं म्हटल्यावर लॅपटॉपवरच्या खिडकीत जास्तच लागायचे. ब्लिट हा पर्याय चालू केला की फक्त हलणारी रेघ काढली जाते. मात्र फंक्शनमधून ती परत पाठवताना (return line,) नावापुढचा स्वल्पविराम विसरलात तर गाडं अडतं.

खरी गंमत फाइल करताना. जिफ (हलत्या चित्राची फाइल) लिहिणारा पिलोरायटर रिकाम्या कंसानं बनवून दिला, तर जिफ पुन्हा 48 सेकंदांची! तो स्वतःचा वेग धरतो, सेकंदाला 5 फ्रेम. इंटरव्हलकडे ढुंकूनही बघत नाही. नुसतं 'पिलो' असं नाव दिलं की मात्र इंटरव्हलवरून वेग काढला जातो. मग चिडून इंटरव्हल 16 केलं, तर ब्राउझरमध्ये जिफ बैलगाडी. जिफमध्ये वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात लिहिली जाते; 16 चा तिथं 1 होतो, आणि एवढी घाई ब्राउझर मानत नाहीत, सरळ 10 धरतात. 50 चे बरोबर 5 होतात. तिथंच थांबा.

12 सेकंदांचा पूर मंडळात लावला. शेजारचे आप्पा म्हणाले, "मॅडम, पाणी चढाय लागलंय का पळाय लागलंय?" खरंच होतं. 39 फूट इशारा, 43 धोका, आणि या चार फुटांतच तर आमची गल्ली सामान माळ्यावर टाकते, जनावरं हलवते. घड्याळाप्रमाणे बरोबर असलेली रेघ इथं खोटी वाटत होती. फ्रेम्स या पर्यायाला साधी यादी देता येते आणि तोच आकडा परत परत लिहिलेला चालतो, म्हणून 39 ते 43 मधल्या प्रत्येक तासाला तीन फ्रेम दिल्या. शेवटची 60 वेळा, म्हणजे रेघ तीन सेकंद थांबते. (रिपीट डिले, म्हणजे पुन्हा सुरू होण्याआधीचा थांबा, त्यासाठी नाही, तो खिडकीतच चालतो, फाइलमध्ये उतरत नाही.) मंडळाचा टीव्ही पेनड्राइव्हवरची जिफ घेईना, म्हणून एफएफएमपेग हे व्हिडिओ बनवायचं सॉफ्टवेअर वेगळं टाकून एमपीफोर केली.

दुसऱ्या दिवशी आप्पा परत आले. रेघ 41 वर रेंगाळली तसे पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "म्हशी शिरोळच्या पाव्हण्याकडं न्यायला नको होत्या त्या वर्षी."