टायटॅनियमवरच्या जिवंत पेशी आणि होलोग्राफिक मायक्रोस्कोप: काही महिने वापरल्यावर

आमच्या लॅबमध्ये परावर्तित प्रकाशावर चालणारा डिजिटल होलोग्राफिक मायक्रोस्कोप आला, त्याला आता बरेच महिने झाले. काम हाड घडवणाऱ्या पेशींचं: उंदराच्या एमसी३टी३ नावाच्या, पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेतून आणलेल्या. त्या वाढतात टायटॅनियमच्या चकतीवर. चकतीतून प्रकाश आरपार जात नाही, त्यामुळे आरपार प्रकाशावर चालणारा नेहमीचा फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोप बाद. मग पेशी रसायनाने फिक्स करा, रंगवा आणि बघा, म्हणजे मेल्यावरच बघा.

इथे ६३३ नॅनोमीटरचा मंद लेझर पेशीतून खाली जातो, धातूवरून उलटून पुन्हा पेशीतूनच वर येतो आणि पेशीतून न गेलेल्या संदर्भ-किरणाशी त्याचं व्यतिकरण होतं, म्हणजे दोन्ही लाटा मिसळून उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात. त्यांवरून सॉफ्टवेअर पेशीचं चित्र उभं करतं. रंग नाही, पेशीला त्रास जवळजवळ नाही. रात्रभर चित्रण लावून ठेवलं तरी सकाळी पेशी ठणठणीत असतात. पसरत जाणारी पातळ कडा, तिचं पुढे सरकणं, मागे ओढलं जाणं हे सगळं दिसतं. त्यासाठीच मी हे यंत्र वापरतो.

आता कटकटी. प्रकाश पेशीतून दोनदा जात असल्याने फेज, म्हणजे लाटेचं मागे पडणं, हेही दुप्पट होतं. पेशी आणि मीडिया (तिच्याभोवतीचा पोषक द्रव) यांच्या अपवर्तनांकातला (प्रकाश किती मंदावतो त्याचा आकडा) फरक ०.०४ धरला, तर आठ मायक्रॉन उंचीलाच पूर्ण एक तरंगलांबी भरते आणि मोजणी पुन्हा शून्यावर येते. चपट्या पेशीला अडचण नाही. विभाजनाच्या वेळी ती गोळा होऊन उंच होते, तेव्हा कडेचे पट्टे इतके दाटतात की सॉफ्टवेअर गोंधळतं. शिवाय मिळतो तो आकडा उंची आणि अपवर्तनांक यांचा एकत्रित. नुसती उंची समजून तो आलेखात टाकणारे भेटतात, त्यांच्यापासून सावध राहा.

मीडियाचा पृष्ठभाग हलला की चित्र गेलंच. पाण्यात बुडणारं ऑब्जेक्टिव्ह (पेशीजवळचं भिंग) घ्याच, आणि टेबल कंपनरोधक हवं. एसीच्या कॉम्प्रेसरचा धक्कासुद्धा पट्ट्यांत उमटतो.

खरी निराशा खडबडीत पृष्ठभागावर. दातांच्या इम्प्लांटसारखा वाळू मारून आम्लाने खरवडलेला टायटॅनियम ठेवला की नुसते ठिपके. पेशी कुठली आणि धातू कुठला, कळत नाही. विक्रेत्याच्या डेमोत चकती अर्थातच आरशासारखी पॉलिश केलेली होती. घ्यायचा विचार असेल, तर डेमोला आपलीच खरबरीत चकती घेऊन जा.

पेशी खाली कुठे चिकटली आहे हे पाहायचं असेल, तर हे यंत्र नकोच. त्यासाठी काचेच्या कव्हरस्लिपवर टायटॅनियमचा अगदी पातळ थर चढवून खालून इंटरफिअरन्स रिफ्लेक्शन (पेशी आणि पृष्ठभाग यांच्यातलं अंतर दाखवणारी पद्धत) लावा.