मेमटेस्ट८६ प्लस: फॉरमॅट मारण्याआधी चालवा

आमचं लग्नाचे अल्बम आणि फ्लेक्स डिझाइनचं दुकान आहे. फोटोशॉप सकाळी उघडतं ते रात्री शटर ओढेपर्यंत चालू. गेल्या पावसाळ्यापासून दुकानातले सगळे पीसी आणि ओळखीपाळखीतून आलेली बरीच कॅबिनेटं मी मेमटेस्ट८६ प्लस या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमवर तपासतोय. फुकट आहे, पेनड्राइव्हवरून चालतं, विंडोज सुरू होत नसलं तरी चालतं.

आधी नावाचा घोळ. मेमटेस्ट८६ आणि मेमटेस्ट८६ प्लस हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत. पहिला पासमार्कचा, त्याची फुकटची आवृत्ती चार फेऱ्यांनंतर थांबते (एक फेरा म्हणजे सगळ्या चाचण्या एकदा पुऱ्या). ‘प्लस’वाला मुक्तस्रोत आहे, हवा तेवढा वेळ चालू ठेवा. २०२२ मध्ये त्याची ६.०० आवृत्ती आली, तेव्हापासून तो यूईएफआयवरही, म्हणजे नव्या मदरबोर्डांमधल्या बायोसच्या नव्या अवतारावरही, चालतो. कुणाकडे जुन्या सीडीवर ५.०१ पडली असेल तर नव्या मदरबोर्डवर तिच्या नादी लागू नका.

आता मुद्द्याचं. आमच्या मुख्य मशीनला ८-८ जीबीच्या दोन रॅम. निळी स्क्रीन यायची आणि दर वेळी वेगळं नाव घेऊन यायची. एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, मग ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, मग ‘पेज फॉल्ट’. दर वेळी तेच नाव आणि तीच ड्रायव्हरची फाइल दिसली तर मी आधी ड्रायव्हर बघतो. नावं अशी बदलत राहिली की माझा पहिला संशय रॅमवर. विचाराल त्याचं उत्तर मात्र एकच: ‘विंडोज मारून घे.’ मारून घेतली. आठवडाभर बरं वाटलं आणि पुन्हा तेच.

पण मला खरा घाम फोडला तो एका फोटोने. हळदीचा फोटो, वरचा भाग झकास आणि नवरीच्या खांद्यापासून खाली सगळं गुलाबी-करडं. कॅमेऱ्याच्या कार्डात तोच फोटो ठणठणीत. कॉपी होताना डेटा रॅममधून जातो, आणि जेपेगमध्ये एक बिट जरी उलटा पडला तरी तिथून पुढच्या चित्राचा ताळमेळ सुटू शकतो. झिप उघडताना सीआरसी एरर, म्हणजे आतला डेटा जुळत नसल्याची तक्रार, येत होता, तोही याच जातीचा. पीसी बंद पडला तर निदान कळतं तरी. हे असं गुपचूप बिघडलेलं काम थेट प्रिंटला जातं.

मेमटेस्ट लावला आणि पहिला फेरा पुरा व्हायच्या आत लाल ओळी. ‘एक्स्पेक्टेड’ (यायला हवं होतं ते) खाली ००००००००, ‘फाउंड’ (मिळालं ते) खाली ०००००४००. पुढच्या ओळींतही चुकलेला आकडा त्याच जागी. म्हणजे एकच बिट हट्टाला पेटलेला. यात ‘थोडे एरर चालतात’ असं काही नसतं. एक लाल ओळ आली तरी ती रॅम माझ्या लेखी बाद.

पण कुठली रॅम? मशीन बंद करून वायर काढायची, एकच रॅम ठेवायची आणि टेस्ट. मग त्याच स्लॉटमध्ये दुसरी. एरर रॅमबरोबर फिरला तर रॅम खराब. रॅम कुठलीही असो, त्याच स्लॉटला एरर येत राहिला तर बोर्ड किंवा प्रोसेसर बघायचा. मधे आपला राष्ट्रीय उपाय, म्हणजे खोडरबराने पिना घासणे, तोही करून घ्या. कधीकधी खरंच तेवढ्यावर भागतं. आमचं भागलं नाही. एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने पळवणारी बायोसमधली सेटिंग, बंद करून वेग ३२०० वरून २६६६ वर आणला, तरी लाल ओळी तशाच. शेजारच्या पोराच्या गेमिंग पीसीत मात्र चार रॅम होत्या आणि एक्सएमपी बंद करताच सगळं स्वच्छ. तिथे रॅम बदलायचं कारण नव्हतं, वेग कमी ठेवला आणि विषय संपला.

वॉरंटीला लाल स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो कामाला आला. जोडीचं पॅक असेल तर कंपनीवाले दोन्ही रॅम एकत्र मागू शकतात, तेव्हा काम थांबू नये म्हणून आधी उसनी रॅम बघून ठेवा.

जिथे याचा उपयोग नाही ते सांगतो. दुसरा पीसी रात्रभर टेस्टला लावला, सकाळी स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत ‘पास’. तरी व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की फट्कन रीस्टार्ट. निळी स्क्रीन नाही, मिनीडंप (क्रॅशची नोंद ठेवणारी फाइल) नाही, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत फक्त कर्नल-पॉवर ४१, आणि त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता गेलं. दुसऱ्या मशीनचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) लावून पाहिला, रीस्टार्ट थांबले. मेमटेस्ट ग्राफिक्स कार्डावर लोडच टाकत नाही, त्यामुळे कमकुवत एसएमपीएस त्याच्यापुढे शहाण्यासारखा वागतो. एसएसडी आणि साटा केबलचंही तेच, त्यांच्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम बघा.

वेळेची तयारी ठेवा. १६ जीबीला एका फेऱ्यात तासभर सहज जातो, आणि एका फेऱ्यावर मी कुणालाच ‘रॅम ओके’ म्हणत नाही. रात्री लावायचं, पण यूपीएसवर. लॅपटॉप असेल तर अजून एक: पेनड्राइव्ह बूट होत नाही म्हणून सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रॅमवरून मशीन सुरू होऊ न देणारी सेटिंग) बंद करायला जाल, तर त्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. परत विंडोज सुरू करताना ती मागितली जाऊ शकते.